नव्या डर्ट बाइकची पहिली फेरी गडावर नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दसऱ्याला शोरूमसमोर हार घालून उभ्या असलेल्या गाड्यांत आता उंच मडगार्डची, पुढे 21 इंची चाक असलेली एखादी गाडी हमखास दिसते. 2011 मध्ये हिरोची इम्पल्स आली तेव्हा असली गाडी घेणारा थोडा विक्षिप्तच समजला जाई. 2019 च्या एक्सपल्स 200 ने ती हौस साध्या घरांच्या आवाक्यात आणली, आणि आता रॉयल एनफिल्डची हिमालयन 450, कावासाकी केएलएक्स 230 अशा पुढच्या पायऱ्याही आहेत. गाडी हाती आली की दिवाळीच्या सुट्टीत ती राजमाचीच्या वाटेवर, एखाद्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) नाहीतर धरणाच्या पाण्यात घालायची, व्हिडिओ काढायचा आणि सोमवारी वाकलेला गिअर लिव्हर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठायचे, असा शिरस्ताच पडला आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत या गाड्यांची किंमत, रंग आणि मायलेज यांवर रकाने भरून येतात. मातीत उतरवण्याआधी गाडीचे काय करायचे, यावर क्वचितच दोन ओळी असतात. म्हणून हा लांबलेला पत्रप्रपंच.

शोरूममधून मिळणारी गाडी डांबरासाठी लावलेली असते. टायरची हवा, लिव्हरचा कोन, आरसे, ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी एबीएस, सगळे बसून आणि सरळ रस्त्यावर चालवण्याच्या हिशेबाने. तीच गाडी तशीच मातीत घातली की जे मोडते, त्यातले बरेचसे घरी दोन तास दिले असते तर मोडले नसते. चालकाचे कौशल्य हा फार पुढचा विषय आहे.

आधी कायद्याचे थोडक्यात. एक्सपल्स, हिमालयन, केएलएक्स 230 या नोंदणी होणाऱ्या गाड्या आहेत. केएक्स 250 किंवा केएलएक्स 140 यांसारख्या गाड्यांची नोंदणी होत नाही. त्या पिकअपमध्ये घालून मैदानापर्यंत न्यायच्या आणि तशाच परत आणायच्या. ‘गावातला कच्चा रस्ता आहे, कोण विचारतंय’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागाच ठरते. अल्पवयीन मुलाला अशी गाडी रस्त्यावर चालवू दिली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. विम्याच्या कागदावर शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, तेही वाचून ठेवावे.

आता गाडीकडे वळू. पहिली सर्व्हिसिंग झाल्याशिवाय मातीत उतरूच नये. नव्या इंजिनात पिस्टन, रिंग आणि गिअर एकमेकांवर बसताना धातूचा बारीक कीस सुटतो आणि तो पहिल्या ऑइलमध्ये असतो. पहिल्या गिअरात, कमी वेगाने, क्लच अर्धा दाबून चढ चढताना इंजिनावर वारा लागत नाही, ऑइल तापते, आणि ही शिक्षा नेमकी त्या किसाच्या ऑइलवर पडते. शिवाय क्लचप्लेटही नव्या असतात. पुस्तिकेत सांगितलेले सुरुवातीचे अंतर डांबरावर, वेग सतत बदलता ठेवून पूर्ण करावे, ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यावा आणि मग रानाचा विचार करावा. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न असतो. तेवढा धीर सहसा कुणाला नसतो, हे खरे.

सगळ्यात जास्त चुका हवेच्या होतात. डांबराची हवा ठेवली तर टायर दगडावरून उडतो आणि मातीत चावत नाही. कुणाच्या तरी सांगण्यावरून 10-12 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) उतरवली तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. तसले पंक्चर एका पॅचने भागत नाही. साधारण 160 किलोची गाडी, एकटा चालक आणि सामान नाही, असे धरले तर मऊ मातीत पुढे 18 आणि मागे 20 पीएसआयपासून सुरुवात करावी. दगड-गोटे असतील तर 22 ते 24. हिमालयन 450 जवळजवळ 196 किलोची आहे. तिला यात दोन-तीन पीएसआय वाढवून द्यावेत. शर्यतीच्या हलक्या गाड्या याहून खाली उतरतात, पण त्यांची ट्यूब जाड असते आणि रिम लॉक असतो. तो टायरला रिमवर घट्ट धरून ठेवतो. आपल्या साध्या गाडीत तो नसल्याने हवा फार उतरवली तर जोर पडताच टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढत नेतो आणि व्हॉल्व्हच्या बुडातून ट्यूब फाटते. म्हणून व्हॉल्व्हवरचा बारीक नट रिमला न आवळता वर टोपीपाशी आणून ठेवावा. टायर सरकू लागला की व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळीच कळते. नट रिमला आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह सरळच दिसतो आणि आत ट्यूब फाटत असते. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी, आणि मोजण्याचे गेज स्वतःचे असावे; पंपावरच्या गेजवर एवढ्या कमी हवेचा भरवसा धरता येत नाही. परतताना डांबर लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत हवाच.

स्पोकचे चाक नवे असताना सैल पडते. स्पोकचे निपल (टोकाचे बारीक नट) रिममध्ये नीट बसायला थोडा वेळ आणि थोडे धक्के लागतात. एक छोटा पाना घेऊन प्रत्येक स्पोकवर हलके वाजवत जावे: ताणलेला स्पोक खणखणतो, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. बद्द आवाजाच्या स्पोकला पाव फेऱ्याहून जास्त पीळ एका वेळी देऊ नये, नाहीतर चाकाला बाक येतो. एकाच बाजूचे चार-पाच सैल असतील तर स्वतः हात न घालता चाक सरळ करणाऱ्या जुन्या सायकल-मोटारसायकलवाल्याकडे जावे. ते काम नव्या सर्व्हिस सेंटरपेक्षा तोच बरे करतो. ही तपासणी पहिल्या फेरीच्या आधी आणि नंतर लगेच, दोन्ही वेळा करायची.

चेन घट्ट ठेवण्याचा मोह डांबरावरून येतो. या गाड्यांचे मागचे सस्पेन्शन लांब दबते. दबता दबता पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा सांधा) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर गाडी रिकामी असताना नीट वाटणारी चेन खड्ड्यात गाडी आदळताच इतकी ताणते की गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. ढिलाई किती ते पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेले असते, ते पाळावे, आणि मग एका धडधाकट मित्राला मागे दाबून बसवून एकदा बोटाने चेन हलवून पाहावी. तेव्हाही ती थोडी खेळली पाहिजे. धुळीच्या दिवसांत चेनवर ग्रीस थापू नये. धूळ त्यात बसते आणि स्प्रॉकेट झिजवते.

लिव्हरचे काम दहा मिनिटांचे आहे. फूटरेस्टवर उभे राहून हँडल धरावे. मनगट सरळ राहून बोटे क्लच आणि ब्रेकवर गेली पाहिजेत. डांबराच्या मापाने लावलेल्या लिव्हरना पोहोचायला मनगट वर मोडावे लागते, म्हणून ते थोडे खाली वळवायचे. दोन्ही क्लॅम्पचे बोल्ट इतकेच आवळायचे की नेहमीच्या वापरात लिव्हर हलणार नाही, पण जोराने ढकलला तर वळेल. गाडी पडते तेव्हा वळलेला लिव्हर वाचतो आणि घट्ट आवळलेला मोडतो. फूटरेस्टवर रबर असेल तर ते काढून ठेवावे. चिखलाच्या बुटाखाली ते साबणासारखे होते. जाड बूट घातल्यावर गिअर लिव्हरच्या खाली पाय जातो का तेही पाहावे. जात नसेल तर लिव्हर एका खाचेने वर घ्यावा. आरसे रस्त्यापुरते लावायचे, मैदानावर पोहोचल्यावर काढून पिशवीत.

नंबरप्लेट, इंडिकेटर, हँडगार्ड, इंजिनाखालचे कवच, सायलेन्सरचे पत्रे यांचे बोल्ट पहिल्याच धडधडीत सुटतात. निळे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (बोल्ट सैल पडू न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावून आवळावे आणि बोल्टच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत पेंट मार्करने रेघ मारावी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पाना न लावता अर्ध्या मिनिटात सगळी गाडी तपासून होते.

सोबत काय घ्यायचे? मागच्या आणि पुढच्या एक्सलचा पाना, टायर काढण्याच्या तीन पट्ट्या, पॅच, 21 इंची एक ट्यूब (अडचणीत ती मागच्या 18 इंची चाकातही चालून जाते, उलटे जमत नाही), क्लच आणि ब्रेकचा एकेक जादा लिव्हर, झिप टाय, पक्कड, थोडी तार, पाच मीटर दोरी आणि एमसील. दगड लागून क्लचच्या कव्हरला चीर पडली तर ऑइल पुसून, जागा कोरडी करून, घासून एमसील लावायचे आणि ते कडक होईपर्यंत थांबायचे. घाई केली तर ऑइल ते ढकलून देते. अंगावर आयएसआय हेल्मेट, गॉगल, हातमोजे, गुडघ्या-कोपरांचे गार्ड, छाती-पाठीचे चिलखत. यातली काटकसर कुठे करायची असेल तर जॅकेटमध्ये करावी, बुटांत नको. गाडी आडवी होते तेव्हा पाऊल तिच्याखाली जाते, आणि कॅनव्हासच्या बुटातले घोटे तिथेच जातात. प्रत्येकी तीन लिटर पाणी. एकट्याने जाऊ नये.

आता जागा. आमच्या भागात हाच प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि इथेच सर्वांत जास्त बेफिकिरी दिसते.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालेले शेत शहरी डोळ्याला ओसाड वाटते. त्यात रब्बीची ज्वारी किंवा हरभरा नुकताच पेरलेला असू शकतो, कोंब दिसत नाहीत एवढेच. ‘मोकळेच तर होते’ म्हणून चार गाड्या त्यातून फिरल्या की मातीचा कडक थर होतो आणि बी खालीच राहते. शेतकऱ्याने दगड उचलला तर त्याला दोष देता येणार नाही. गायरानातही ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय आणि गुरे चरायला असताना जाऊ नये. अभयारण्यात तर परवानगीशिवाय प्रवेशच गुन्हा आहे. सड्यांबद्दल जरा जास्त सांगितले पाहिजे. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आहे, म्हणून तिथे पहारा तरी आहे. पण सह्याद्रीत आणि कोकणात तसेच, नाव नसलेले शेकडो सडे आहेत. त्यांवर कातळाच्या वर जेमतेम काही सेंटिमीटर माती असते, आणि कोरड्या महिन्यांत रानफुलांची बिया-कंद त्याच थरात झोपलेले असतात. टायरने तो थर एकदा उपटला की पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून वाहते आणि उरलेली मातीही घेऊन जाते. ‘उन्हाळ्यात गेलो, फुले नव्हतीच’ हे उत्तर म्हणूनच पोकळ आहे.

पहिल्या फेरीसाठी खरे तर फार काही लागत नाही. ओळखीच्या माणसाचे, त्याच्या परवानगीने, दोन-तीन एकर सपाट पडीक रान पुरते. एखादा मंद चढ असला तर उत्तम. माती कोरडी हवी. काळी माती ओली असेल तर गाडी गेटबाहेरच ठेवावी: ती चाकाला थरावर थर चिकटते, मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा भरते आणि पुढचे चाक अक्षरशः फिरायचे थांबते. उंच मडगार्डच्या गाडीला थोडा जास्त वेळ मिळतो इतकेच. भर उन्हाळ्यात त्याच मातीला हातभर खोल भेगा पडतात, त्याही वाईट. कडक जमिनीवर पसरलेला मुरूम दिसायला निरुपद्रवी असतो, पण टायरखाली तो गोट्यांसारखा फिरतो. वळणावर पुढचे चाक तिथेच निसटते. ओला जांभा आणि ओढ्यातला शेवाळलेला काळा कातळ पहिल्या महिन्यात टाळावा. नदीतली वाळूही.

मैदानावर पहिला अर्धा तास दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नये. फूटरेस्टवर उभे राहून, गुडघे टाकीला लावून, कोपरे बाहेर ठेवून, नजर चाकापुढे न ठेवता वीस-पंचवीस फूट पुढे ठेवून सरळ रेषेत ये-जा करावी. हँडल घट्ट आवळून धरणाऱ्याचे हात वीस मिनिटांत भरून येतात आणि मग ब्रेक दाबायला बोटे उरत नाहीत. भार पायांवर असला पाहिजे. नंतर दोन दगड ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढावा, क्लच अर्धा आणि मागचा ब्रेक किंचित दाबून. मग ब्रेक. आधी फक्त मागचा, चाक लॉक होऊन घसरेपर्यंत, म्हणजे ती घसरण कशी असते हे शरीराला कळते. मग पुढचा एका बोटाने, चाक सरळ असतानाच. एबीएसला ऑफ-रोड मोड असेल तर तो इथे लावावा, नाहीतर उतारावर सुट्या मातीत एबीएस ब्रेक सोडत राहते आणि गाडी थांबत नाही. बऱ्याच गाड्यांत किल्ली बंद करून चालू केली की मोड मूळ जागी जातो, हे विसरून पुढच्या उतारावर पडणारे पुष्कळ असतात.

चढावर गाडी मध्येच बंद पडली तर पुढचा ब्रेक धरून उभे राहण्याची पहिली ऊर्मी होते. चढावर भार मागे गेलेला असतो, पुढचे चाक लॉक होऊनही मागे घसरते. गाडी पहिल्या गिअरात तशीच बंद ठेवावी आणि क्लच सोडावा. इंजिनच चाकाला अडवून धरते. मग क्लच किंचित सोडत-धरत हळूहळू मागे यावे, किंवा चढाच्या बाजूला गाडी सावकाश आडवी टाकून तोंड फिरवावे. आडवी टाकण्यात कमीपणा नाही.

पडलेली गाडी उचलणे हाही पहिल्याच दिवशी मुद्दाम सराव करण्याचा भाग आहे. इंजिन बंद, गाडी गिअरात, हँडल पूर्ण वळवलेले. सीटला पाठ टेकवून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धरून, पायांच्या जोराने मागे मागे चालत जायचे. कमरेतून वाकून उचलणाऱ्याची पाठ आठवडाभर धरते. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडावा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे जाते.

ओढा ओलांडायचाच झाला तर आधी चालत जाऊन पाहावा. पाणी एक्सलच्या वर असेल तर नको. गाडी पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टरला हात लावू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो खर्च ट्यूबचा किंवा लिव्हरचा नसतो. प्लग काढून, एअर फिल्टर सोडून, पाणी उडून जाईपर्यंत इंजिन फिरवावे आणि मगच प्लग लावावा. पाणी ऑइलमध्ये गेले असेल तर ते दुधाळ दिसते. तशी गाडी चालू न करता दोरीने ओढून आणावी.

घरी आल्यावर प्रेशर वॉशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टेअरिंगच्या गळ्यावर मारू नये, सील ओलांडून पाणी आत जाते. एअर फिल्टर त्याच दिवशी उघडावा. कागदी असेल तर झटकावा किंवा बदलावा, धुऊ नये. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टरचे ऑइल लावून दाबून पिळावा. पिळे घालून मुरगळला तर फोम फाटतो. धूळ पिस्टनपर्यंत गेली तर नव्या गाडीचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पहिल्याच वर्षी जाते, म्हणून मित्राच्या मागून त्याच्या धुळीत गाडी चालवायची नाही, हेही त्यातलेच.

शिकवणीच्या जागा फार नाहीत. डकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांचे कर्नाटकातल्या कोलारजवळचे बिगरॉक डर्टपार्क अनेकांना ठाऊक आहे, पण कोल्हापूर किंवा नाशिकच्या मुलाला ते लांब पडते. म्हणून विक्रेत्यांकडून एक साधी अपेक्षा. गाडी ताब्यात देताना लिव्हर आणि चेन मातीसाठी कशी लावायची ते ग्राहकाला पाच मिनिटे उभे राहून दाखवावे, टायरच्या हवेचे दोन आकडे, डांबराचा आणि मातीचा, स्टिकरवर लिहून द्यावेत, आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर ‘दोन्ही चाकांचे स्पोक तपासले’ अशी वेगळी ओळ छापावी. आज ती तपासणी मागितली तरच होते, आणि नव्या ग्राहकाला ती मागायची असते हेच ठाऊक नसते.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे